ओसरी पाडली, आणि बाबांचा स्वभाव बदलला

आमचं जुनं घर मातीचं, वर कवेलू, म्हणजे कौलं. समोर लांबट ओसरी, ओसरीत बंगई, म्हणजे झोपाळा, आणि ओसरीला लागून रस्त्याकडे तोंड केलेला हातभर उंच ओटा. सहा वर्षांमागे ते पाडून आम्ही स्लॅबचं घर बांधलं. पुढे लोखंडी फाटक, मग फरशी, मग ग्रिलचं दार, मग हॉल. हॉलमध्ये भिंतीला टेकवून सोफा आणि चार खुर्च्या, सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे. त्या वर्षी गावातलं सगळ्यात देखणं घर आपलंच होतं, असं आई अजूनही पाहुण्यांना सांगते.

वर्षभरात बाबा बदलले. बोलणं कमी झालं, चिडचिड वाढली. भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट सरकवायचे. वावरातून आले की सरळ आतल्या खोलीत जाऊन आडवे व्हायचे. बहीण म्हणाली, वय झालं. डॉक्टरांनी बीपी मोजून गोळी सुरू केली. मी म्हणालो, स्वभावच आहे, आजोबाही उतारवयात असेच झाले होते. ज्याला त्याला आपापलं कारण सापडलं होतं, आणि सगळी कारणं बाबांच्या आतली होती.

एकदा त्यांचे जुने सोबती रस्त्यात भेटले. पूर्वी रोज संध्याकाळी आमच्याकडे असायचे. मी विचारलं, “काकाजी, आता दिसत नाही तुम्ही घरी?” ते म्हणाले, “येतो नं बापू. पण फाटक उघडा लागते, चप्पल काढा लागते, हालात जाऊन बसा लागते. मंग कायचं तरी काम पायजे नं! ओट्यावर टेकाले काम नोहतं लागत.”

तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचत आलो. माणसाच्या वागण्यात भोवतालचा वाटा किती, आणि तो काम कसा करतो, हे शोधण्यात मानसशास्त्राची एक अख्खी शाखा गुंतलेली आहे. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञानं १९३६ मध्ये ते एका सूत्रात मांडलं: वागणं हे माणूस आणि त्याचा परिसर या दोघांचं मिळून फळ आहे. वाचायला अगदी सरळ वाटतं. पण आपण एरवी त्यातला अर्धाच भाग वापरतो. दुसरा कोणी चिडला की तो चिडका, आणि आपण चिडलो की ऊन फार होतं. या सवयीवर ली रॉस यांनी १९७७ मध्ये सविस्तर लिहिलं. माणसाकडे बोट दाखवणं सोपं जातं, कारण माणूस समोर दिसतो. तो ज्या खोलीत, ज्या उन्हात, ज्या गर्दीत उभा आहे, ती नजरेत भरत नाही.

आधी अंगाला कळतं

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा ही नावं मे महिन्यात रोज बातम्यांत असतात. पारा ४५ च्या पुढे जातो, आणि नवतपा लागला की दुपारी गावातलं कुत्रंही नालीच्या बाहेर येत नाही. एवढ्या उन्हात शरीर काय करतं? आतली उष्णता बाहेर टाकायला रक्त कातडीकडे वळवतं. त्यासाठी हृदयाला जास्त धडधडावं लागतं. घाम जातो, त्याबरोबर पाणी आणि मीठ जातं. धडधड, घाम, तोंडाला कोरड. रागातही अंगाचं थोडंफार असंच होतं. म्हणजे भांडणाची अर्धी तयारी शरीरानं आधीच करून ठेवलेली असते, कोणीतरी निमित्त पुरवायचं तेवढं बाकी.

अमेरिकेतल्या फिनिक्स या वाळवंटी शहरात याची एक मजेशीर चाचणी झाली. सिग्नल हिरवा झाला तरी एक गाडी मुद्दाम जागची हलवायची नाही आणि मागचा माणूस हॉर्न किती वाजवतो ते मोजायचं. १९८६ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. जसजसं तापमान चढलं तसतसे हॉर्न वाढले. ज्यांच्या गाडीच्या काचा उघड्या होत्या, म्हणजे ज्यांना आत एसीचा थंडावा नव्हता, त्यांच्यात हा परिणाम जास्त ठळक होता. त्यांचा स्वभाव कोणी तपासला नव्हता. तपासला असता तरी फार काही हाती लागलं नसतं असं मला वाटतं.

आता आमचं घर घ्या. जुन्या घराच्या मातीच्या भिंती दीड हात जाड. बाहेरचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. कवेलूच्या फटींतून वर साचलेली गरम हवा निघून जायची. (त्याच फटींतून पाणीही गळायचं आणि माकडं दरवर्षी पाचपन्नास कवेलू फोडायची. जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणत नाही. दर उन्हाळ्यात कवेलू फेरायला वर चढायचे ते बाबाच.) स्लॅबचं गणित निराळं आहे. सिमेंट-काँक्रीट दिवसभर ऊन पीत राहतं आणि सूर्य मावळल्यावर ते सावकाश खाली सोडतं. रात्री दहा वाजता बाहेर वारा सुटलेला असतो आणि खोलीत छतातून धग उतरत असते. पंखा लावला तर तीच धग खाली ढकलतो.

झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. खोली तापलेली असली तर ते उतरत नाही, झोप उशिरा लागते, मधेमधे मोडते. बाबा ओसरीत खाटेवर झोपायचे तेव्हा पहाटे पाचला ताजे उठायचे. नव्या घरात ते उन्हाळाभर अर्धवट झोपेवर होते. मिठाच्या ताटाचा राग कुठून आला, याचा काही हिशेब इथेच लागतो.

मृगाचा वास

उन्हाचं ठीक आहे, ते निदान जाणवतं तरी. वासाचं काम त्याहून गुपचूप चालतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तापलेल्या काळ्या जमिनीवर पहिला शिडकावा पडतो आणि तो वास येतो. मला वाटतं कापूस पिकवणाऱ्या गावात जन्मलेल्या कोणालाही त्याचं वर्णन सांगायची गरज नाही. ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये त्याला पेट्रिकॉर हे नाव दिलं. त्यात दोन मुख्य गोष्टी असतात. उन्हाळाभर वनस्पतींतून निघून मातीत-दगडांत मुरलेली तेलं, आणि जमिनीतले सूक्ष्म जीव तयार करतात तो जिओस्मिन नावाचा पदार्थ. कोरड्या जमिनीवर थेंब आदळला की त्याच्याखाली बारीक बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि वासाचे कण हवेत उडवतात. जिओस्मिन ओळखण्यात माणसाचं नाक भलतंच तरबेज आहे. एक लाख कोटी भागांत त्याचे मोजके काही भाग असले तरी आपल्याला कळतं.

डोळ्यांनी पाहिलेलं किंवा कानांनी ऐकलेलं मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या एका नाक्यावर थांबतं आणि तिथून पुढच्या खात्यांकडे जातं. वासाला हा नाका लागत नाही. तो जवळजवळ थेट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांत शिरतो. म्हणून वास आला की आधी काहीतरी वाटतं आणि मग आपण त्याला नाव शोधतो.

आता हा वास कास्तकाराला काय करायला लावतो ते पाहा. कृषी विद्यापीठ आणि कृषी विभाग दरवर्षी घसा फोडून सांगतात की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. त्यामागचं कारण काळ्या मातीत आहे. ही माती उन्हाळ्यात आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिले दोन पाऊस या भेगाच पिऊन टाकतात. वरचा थर ओला दिसतो, बोटभर खाली कोरडं असतं. त्यात बी टाकलं की ते उगवतं, कोंब वर डोकावतो आणि मग दहा-बारा दिवस पाऊस दडी मारतो. मग दुबार पेरणी. बियाण्याचा, मजुरीचा, ट्रॅक्टरचा खर्च पुन्हा, तोही उसनवारीनं.

हे ठाऊक नाही असा कास्तकार मी पाहिलेला नाही. तरी पेरतात. मीही एका वर्षी बाबांना म्हणालो होतो, थांबा चार दिवस. ते म्हणाले, “तुले शयरात बसून समजते काय?” ढग भरून आलेले, मातीचा वास सुटलेला, आणि धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याचा ट्रॅक्टर सुरू. हे तिन्ही एकत्र आलं की घरात बसवत नाही. एकट्यानं मागे राहायची भीती हीसुद्धा परिसराचाच भाग आहे. शेजाऱ्यानं पेरलं म्हणजे त्याला काहीतरी कळलं असेल, असं आपल्याला वाटतं. शेजारी आपल्याकडे बघून तेच म्हणत असतो. त्या वर्षी आमचं सोयाबीन मोडलं. बाबा चुकले असं तेव्हा घरात सगळ्यांनीच म्हटलं.

म्हणून मला वाटतं, कृषी खात्यानं मिलिमीटरचा सल्ला नुसता मोबाइलवर पाठवू नये. मिलिमीटर वासापुढे टिकत नाही. गावच्या चौकात, जिथं येता-जाता नजर पडेल तिथं, आजवर किती पाऊस झाला याचा मोठा फळा रंगवला तर तोही परिसर होईल, आणि निदान शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला उत्तर देईल.

जागेचे न लिहिलेले नियम

रॉजर बार्कर नावाचा एक मानसशास्त्रज्ञ होता. १९४७ मध्ये त्यानं अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात ऑस्कलूसा या छोट्या गावात संशोधन केंद्र थाटलं. त्याला वाटायचं, प्रयोगशाळेत बोलावून माणूस कळत नाही, तो जिथं जगतो तिथंच पाहिला पाहिजे. त्याचे सहकारी मुलांच्या मागोमाग दिवसभर फिरायचे आणि मूल काय करतं ते मिनिटामिनिटाला टिपून घ्यायचे. २६ एप्रिल १९४९ ला त्यांनी सात वर्षांच्या एका मुलाचा सकाळी सातपासून रात्री झोपेपर्यंतचा सगळा दिवस असा लिहून काढला.

त्या नोंदींचे ढीग चाळून बार्करच्या लक्षात जे आलं ते मला आजही चकित करतं. एकच मूल वर्गात, दुकानात आणि खेळाच्या मैदानावर इतकं वेगवेगळं वागायचं की ते एकच आहे असं वाटू नये. आणि वेगवेगळ्या स्वभावांची मुलं एका जागी गेली की बरीचशी सारखी वागायची. मूल कोण आहे यापेक्षा ते कुठं आहे हे कळलं, तर ते काय करत असेल याचा अंदाज बरा बांधता यायचा.

आपल्या गावात हे तपासायला केंद्र थाटायची गरज नाही. पानठेल्यावर गळा काढून सरकारला शिव्या देणारा माणूस बँकेच्या काउंटरपुढे उभा राहिला की ‘साहेब’ याशिवाय त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. आठवडी बाजारात रुपयासाठी हुज्जत घालणारी बाई मंदिराच्या भंडाऱ्यात शंभराची नोट सहज टाकते. यात ढोंग नाही. पानठेल्याला टेकायला खांब आहे, परत जायची घाई नाही, आजूबाजूला चार जण मान डोलावणारे आहेत. बँकेत रांग आहे, जाळी आहे, आपलं काम समोरच्याच्या हातात आहे आणि मागचा माणूस खांद्यावरून पाहतोय. जागेनं प्रत्येकाला एक काम नेमून दिलेलं असतं, आणि आत पाऊल टाकताच आपण ते करायला लागतो.

आमच्या गावची ग्रामसभा पाहिली तेव्हा हे नीट समजलं. पुढे टेबल, टेबलामागे खुर्च्यांवर सरपंच आणि ग्रामसेवक. समोर सतरंजीवर पुरुष. बाया मागच्या दारापाशी, अर्ध्या उभ्या, कारण बसायला जागा संपलेली. ‘महिलांनी बोलावं’ असं माइकवरून तीनदा सांगितलं, एकही बोलली नाही. ‘आमच्या बायाच बोलत नाही’ असा निष्कर्ष काढून सभा संपली. त्याच बाया बचत गटाच्या बैठकीत गोल करून बसतात, कर्जाच्या हप्त्यावरून एकमेकींना धारेवर धरतात, आणि हिशेबात दहा रुपयांची चूक पकडतात. फरक पडला तो सतरंजीचा.

यावर एक जुना प्रयोग आहे, आणि तो वाचला तेव्हा मला आमचा हॉल डोळ्यांपुढे आला. १९५० च्या दशकात कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात मनोरुग्णालयातल्या वृद्ध स्त्रियांच्या विभागाचं नूतनीकरण झालं. नवा रंग, नव्या खुर्च्या, सगळं चकाचक. तरी त्या बायका दिवसभर गप्पच. रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञाला विचारलं गेलं, असं का? त्यानं पाहिलं तर खुर्च्या भिंतीला लावून एका रांगेत मांडलेल्या, खांद्याला खांदा. शेजारणीशी बोलायचं तर मान वळवावी लागे, समोरचीशी बोलायचं तर खोलीभर ओरडावं लागे. त्यानं छोटी चौकोनी टेबलं आणून खुर्च्या त्यांच्याभोवती लावल्या. पहिले काही दिवस लोक खुर्च्या परत भिंतीला नेऊन ठेवायचे, कारण तशाच त्या ‘नीट’ दिसायच्या. पण हळूहळू सवय झाली, आणि काही आठवड्यांनी मोजलं तर बायकांचं आपसातलं बोलणं जवळजवळ दुप्पट झालेलं. त्याच बायका, तीच दुखणी.

त्याच रुग्णालयाचे प्रमुख हम्फ्री ऑस्मंड यांनी जागांचे दोन प्रकार सांगितले होते. काही जागा माणसांना एकमेकांकडे ओढतात, काही एकमेकांपासून दूर सारतात. रेल्वे फलाटावरचे बाक दुसऱ्या प्रकारातले. वडाचा पार पहिल्या प्रकारातला, तो गोल असतो हा नुसता योगायोग नाही. आमच्या ओसरीत बंगईवर एक, खाटेवर दोन, ओट्यावर तीन आणि उंबरठ्यावर आई, अशी आपोआपच गोलाई व्हायची. ओट्याची उंचीही अशी की येणाऱ्याला बूड टेकवायचा मोह व्हावा. आला, टेकला, दोन शब्द बोलला, उठला. पाहुणा म्हणून त्याला आत घ्यायची, चहा टाकायची सक्ती नाही. हॉलमध्ये मात्र आलेला माणूस ‘पाहुणा’ होतो, आणि पाहुणा रोज येत नसतो.

झाड दिसणारी खिडकी, आणि गडचिरोलीचा दवाखाना

परिसराचा शरीरावर परिणाम होतो याचा सगळ्यात गाजलेला पुरावा एका दवाखान्यातला आहे. रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयाची १९७२ ते १९८१ या काळातली कागदपत्रं तपासली. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी काहींच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. वय, स्त्री की पुरुष, वजन अशा गोष्टी जुळवून त्यांनी २३ जोड्या केल्या. झाडं दिसणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. झाडंवाल्यांनी जालीम वेदनाशामकंही कमी घेतली. हा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर रुग्णालयांच्या आराखड्यांत त्याचा हवाला दिला गेला. रुग्ण थोडे होते, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

पण आपल्याकडचं उदाहरण मला त्याहून मोलाचं वाटतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत काम करायला आले. आदिवासी लोक दवाखान्यात यायला का घाबरतात, हे त्यांनी त्या लोकांनाच विचारलं. उत्तरं औषधांबद्दल नव्हती, जागेबद्दल होती. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. नातेवाइकांना आत राहू देत नाहीत. आणि डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, पांढऱ्यात तर आम्ही मेलेल्या माणसाला गुंडाळतो. मग शोधग्राम या त्यांच्या वसाहतीतला दवाखाना गोंडांच्या गावासारखा बांधला गेला. सुट्या सुट्या झोपड्या, रुग्णासोबत घरच्यांना राहायची सोय, आणि नाव माँ दंतेश्वरीचं.

डॉक्टरला पांढरा रंग स्वच्छतेचा वाटतो, रुग्णाला तो मरणाचा वाटतो. चकचकीत फरशी एकाला भरवसा देते, दुसऱ्याला अवघडून टाकते. म्हणजे परिसर सगळ्यांवर सारखाच चालतो असं नाही. तो आपल्या आठवणींच्या वाटेनं आत येतो. म्हणून वास्तू सजवणारे जेव्हा छातीठोकपणे सांगतात की निळा रंग शांत करतो आणि पिवळा आनंदी, तेव्हा मी पुढचं ऐकत नाही.

खराटा

शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घ्यायचे. रस्ते, नाल्या झाडायचे, आणि कीर्तन रात्री. हा क्रम मला फार विचार करून ठरवलेला वाटतो. आधी सांगून मग झाडता आलं असतं. पण घाणीत बसून स्वच्छतेचं कीर्तन ऐकणाऱ्याला डोळे एक सांगतात आणि कान दुसरं, आणि अशा वेळी डोळे जिंकतात.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात २००८ मध्ये छापून आलेल्या प्रयोगानं हे आकड्यांत दाखवलं. सायकली लावायच्या एका गल्लीत प्रत्येक सायकलच्या हँडलला जाहिरातीचा कागद अडकवला. आसपास कचरापेटी नव्हती. भिंत स्वच्छ होती तेव्हा ३३ टक्के लोकांनी कागद खाली टाकला. भिंतीवर रेघोट्या मारल्या तेव्हा ६९ टक्क्यांनी. भिंतीवर ‘लिहू नये’ अशी पाटी दोन्ही वेळी होतीच. पाटी काय सांगते यापेक्षा इथं लोक खरोखर काय करतात, हे माणूस आधी वाचतो.

शिवाय रोज दिसणारी गोष्ट मेंदू दाखवायचं थांबवतो. आमच्या बसथांब्यामागचा उकिरडा मला दिसत नव्हता, तो पुण्याहून आलेल्या भाच्याला दिसला. बाहेरून आलेल्या माणसानं आधी झाडावं, हे गाडगेबाबांना बहुधा म्हणूनच साधलं. संत गाडगेबाबांच्या नावानं २००० मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं तेव्हा आमच्याही गावाला तपासणी समितीच्या आदल्या दिवशी उकिरडा दिसला होता. नंतर पुन्हा दिसेनासा झाला.

खिशाचा मोसम

परिसर म्हटलं की झाडं-भिंती डोळ्यांपुढे येतात, पण घरात पैसा आहे की नाही हाही एक मोसमच असतो. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांची कापणीच्या आधी आणि नंतर बुद्धीची चाचणी घेतली गेली. त्यांना वर्षाचा पैसा एकदाच, ऊस गेल्यावर मिळतो. २०१३ मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार तोच शेतकरी कापणीआधी, हात आखडलेला असताना, चाचणीत लक्षणीय कमी पडला. डोक्याचा एक भाग सतत हप्ता, उधारी, किराणा यातच अडकलेला, मग उरलेल्यात जेवढं होईल तेवढं. आमच्याकडे कापूस घरात यायच्या आधीचे दोन महिने आठवून बघा. घरोघरी भांडणं तेव्हाच जास्त होतात.

भारतातल्या ग्रामीण मुलांच्या अभ्यासावर उन्हाचा काय परिणाम होतो, हेही अर्थतज्ज्ञांनी पाहिलं. जास्त तापलेल्या वर्षानंतर मुलांचे गणिताचे आणि वाचनाचे गुण घसरलेले दिसले. वाटेल की वर्ग तापला म्हणून. पण मुख्य वाट पिकाची निघाली: ऊन वाढलं, पीक घटलं, घरातलं उत्पन्न घटलं, आणि ते मुलाच्या पाटीवर उमटलं. जिथं रोजगार हमीचं काम मिळत होतं तिथं ही घसरण कमी होती. गुरुजींनी मात्र त्या पोट्ट्याला ढ म्हटलं असणार.

नाव घेतलं की

१९८३ चा अमेरिकेतला एक अभ्यास मला आवडतो, जरी त्याच्याबद्दल एक ‘पण’ आहे. फोन करून लोकांना विचारलं, तुम्ही एकूण आयुष्यात समाधानी आहात का? ऊन पडलेल्या दिवशी लोकांनी जास्त समाधान सांगितलं, पावसाळी दिवशी कमी. (तिकडे ऊन म्हणजे सुख. आपल्याकडे मे महिन्यात हा प्रश्न विचारून बघावा.) पण फोन करणाऱ्यानं आधी सहज विचारलं, तुमच्याकडे हवा कशी आहे आज? की फरक नाहीसा झाला. उदास वाटण्याचं कारण हवा आहे हे एकदा ध्यानात आलं, की माणूस त्या उदासीचं खापर आयुष्यावर फोडत नाही. तो ‘पण’ असा, की पुढे खूप मोठ्या संख्येनं लोकांची माहिती तपासली तेव्हा हवामानाचा समाधानावर असा भरवशाचा परिणाम सापडला नाही. तरी त्यातली युक्ती मला घरी उपयोगी पडली. बाबा चिडले की आई आता विचारते, “रात्री झोप झाली नाही का?” पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही स्लॅबवर पांढरा चुना मारला. खोलीत थोडा फरक पडला, फार नाही. बंगई टांगायला नव्या घरात जागाच उरली नव्हती, ती अजून गोठ्यात पडून आहे. एक काम केलं. मिस्त्री बोलावून फाटकाच्या बाहेर, कडुनिंबाखाली, विटांचा एक ओटा बांधून घेतला. हातभर उंच, जुन्याच्याच मापाचा. आईला तो आवडला नाही, घराची शोभा जाते म्हणाली. बाबांनी काहीच म्हटलं नाही. पहिले आठ दिवस त्यावर कुत्रं झोपायचं.

पोळ्याच्या सुमारास गावी गेलो तेव्हा फाटकाबाहेर आवाज आला. काकाजी ओट्यावर टेकलेले, तंबाखू मळत. बाबा फाटकाच्या खांबाला टेकून उभे. भाजीत मीठ कमी पडलं की ताट अजूनही सरकतं, ते सोडा.

“काय काम काढलं?” मी काकाजींना विचारलं.

“काई नाही,” ते म्हणाले, “कायचं काम?”